घरातली कुंडी आणि खिडकी

आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात आता एखादी तरी कुंडी असते. कुणाकडे मनीप्लांट, कुणाकडे कोरफड. तुळस तर पूर्वापार आहेच, पण तिची जागा अंगणात, उन्हात. झाड बसायच्या खोलीत आणण्याने नक्की काय साधते, हे मी मुद्दाम वाचून काढले. त्याला कारण घरचेच घडले.

माझ्या धाकटीला दमा आहे. दोन वर्षांपूर्वी एका रोपवाल्याने सांगितले की, ही झाडे खोलीतली हवा शुद्ध करतात. मी सहा कुंड्या आणून खिडकीत मांडल्या आणि त्या वाऱ्याने पडू नयेत म्हणून खिडकी लावून घेऊ लागले. मुलीचा खोकला वाढला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "खिडकी उघडी असते का?" मी काय उत्तर देणार!

झाड हवा सुधारते ही समजूत काही खोटी नव्हे. १७७१ साली इंग्लंडात जोसेफ प्रीस्टले नावाच्या धर्मोपदेशकाने मेणबत्ती विझून खराब झालेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा नीट जळली. पुढे १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवले की, हे काम झाडाचा हिरवा भागच करतो आणि तेही उजेडात. अंधारात झाडही आपल्याप्रमाणेच हवा खराब करते.

पण आपण हवा सुधारण्याचे बोलतो, आणि लंडनमध्ये हवेनेच झाडे मारली होती! तेथील डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बागेतले नेचे कोळशाच्या धुराने जगेनात. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटलीचे तोंड बंद केले, तर त्या मातीतून नेचा आणि गवत उगवले. आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरे, म्हणून पाणी घालावे लागत नसे. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या केल्या. १८३३ साली अशा पेट्यांतली रोपे जहाजाने ऑस्ट्रेलियात जिवंत पोहोचली. पुढे चीनमधली चहाची हजारो रोपे हिमालयाकडच्या मळ्यांत आली, तीही अशाच पेट्यांतून. धुरकट शहरातल्या दिवाणखान्यांतही या पेट्यांनी हिरवळ आणली.

आपल्या रोपवाल्याच्या बोलण्याचे मूळ मात्र १९८९ सालचे. अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेने लहानशा बंद पेटीत झाडे ठेवून पाहिले, तेव्हा हवेतली काही विषारी द्रव्ये कमी झाली. पण घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ साली दोन अमेरिकन संशोधकांनी असे सर्व प्रयोग तपासून हिशेब मांडला. दारे-खिडक्यांतून सहज खेळणाऱ्या वाऱ्याइतके काम झाडांकडून हवे असेल, तर दर चौरस मीटर जागेत १० पासून १,००० पर्यंत झाडे लागतील! मग आपण राहायचे कुठे?

म्हणजे कुंडी निरुपयोगी का? मुळीच नाही. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी प्रसिद्ध केले की, शस्त्रक्रियेनंतर ज्या रोग्यांना खिडकीतून झाडे दिसत, ते समोर विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधेही कमी लागली. हिरवे पाहून मनाला विसावा मिळतो, हा तर आपला रोजचाच अनुभव आहे.

तेव्हा कुंडी जरूर ठेवावी, पण खिडकी मोकळी ठेवून. माती सतत ओली राहिली तर बुरशी धरते, ती दमेकऱ्याला बाधते. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, डास होतात. मनीप्लांटचे पान रांगत्या मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये.

माझ्या सहा कुंड्यांपैकी दोन आता कोपऱ्यातल्या स्टुलावर आहेत, बाकीच्या जिन्यात. खिडकी दिवसभर उघडी असते. मुलीचा खोकला उतरला. औषध चालू होतेच, पण वाराही आता घरात येतो. सकाळी कुंड्यांना पाणी घालण्याचे काम तिने आपणहून घेतले आहे.