काबुलीवाला (१९६१) : काजळीचा ठसा आणि थांबलेले वय

'काबुलीवाला' हा १९६१ साली प्रदर्शित झालेला कृष्णधवल हिंदी चित्रपट हेमेन गुप्ता यांनी दिग्दर्शित केला असून त्याचे निर्माते बिमल रॉय होते. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या याच नावाच्या बंगाली कथेवर तो आधारलेला आहे. उदरनिर्वाहासाठी आपल्या लहान मुलीला अफगाणिस्तानात ठेवून कलकत्त्यास आलेला एक फेरीवाला आणि तेथील एका सुखवस्तू घरातील मिनी नावाची चिमुरडी यांच्या स्नेहाची ही कहाणी आहे. सर्वसाधारण प्रेक्षकाच्या स्मरणात ती एका गोड मैत्रीची कथा म्हणून राहिली आहे. तिचा खरा विषय मात्र काळ हा आहे. दूर गेलेल्या माणसाच्या मनात मागे राहिलेल्या जिवलगाचे वय थांबते, प्रत्यक्षात ते थांबत नाही, आणि या दोन वयांची गाठ पडते तेव्हा काय होते, हे या चित्रपटाने दाखविले आहे. मातृभूमीपासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकाला तो आजही जवळचा वाटतो, त्याचे कारण हेच असावे.

मूळ कथा

रवींद्रनाथांनी ही कथा १८९२ साली लिहिली. त्या वेळी त्यांची थोरली कन्या माधुरीलता पाच-सहा वर्षांची होती. मिनीचे चित्र रेखाटताना तीच त्यांच्या डोळ्यांसमोर होती. कथेचा निवेदक हा मिनीचा पिता असून तो लेखक आहे. पाच वर्षांच्या मिनीला क्षणभरही गप्प बसवत नाही. खांद्यावर झोळी, डोक्याला पागोटे आणि हातात द्राक्षांच्या पेट्या घेऊन रस्त्याने जाणाऱ्या रहमतला ती हाक मारते, आणि तो वळताच घाबरून घरात पळते. त्याच्या झोळीत पळविलेली मुले असतात, अशी तिची समजूत असते. आपल्याकडेही 'झोळीत घालून नेईल' हा धाक अनेक पिढ्यांनी ऐकला आहे. पुढे बदाम-बेदाण्यांच्या लाचेने भीती ओसरते आणि दोघांची गट्टी जमते.

त्यांच्या विनोदांतील एक विनोद 'सासरी' जाण्याचा आहे. सासर म्हणजे काय हे मिनीला ठाऊक नसते, आणि रहमतच्या वर्गातील लोकांच्या बोलीत 'सासुरवाडी' हे तुरुंगाचे नाव असते. पुढे शालीच्या उधारीवरून एका गिऱ्हाइकाशी भांडण होते, ते गिऱ्हाईक सरळ कानावर हात ठेवते, आणि संतापाच्या भरात रहमतच्या हातून सुरा चालतो. तो खरोखरीच त्या 'सासुरवाडी'ला जातो. काही वर्षांनी सुटून तो मिनीच्या दारी येतो, तो नेमका तिच्या विवाहाचा दिवस असतो. आता मिनी खऱ्या अर्थाने सासरी निघालेली असते.

मिनीचा पिता प्रथम त्याला परत पाठवू पाहतो. तेव्हा रहमत अंगरख्यातून एक मळका, चुरगळलेला कागद काढतो. त्यावर एका लहान हाताचा ठसा असतो. तो कॅमेऱ्याने टिपलेला नसतो की चित्रकाराने काढलेलाही नसतो. मुलीच्या तळहाताला काजळी फासून तो हात कागदावर दाबलेला, एवढेच. दरवर्षी तो ठसा उराशी बाळगून हा माणूस कलकत्त्याच्या रस्त्यांवर मेवा विकत आलेला असतो.

कथेतून चित्रपटाकडे

या कथेवरील पहिला गाजलेला चित्रपट बंगाली होता. तपन सिन्हा यांच्या त्या चित्रपटात (१९५७) छबी बिस्वास यांनी रहमतची, तर शर्मिला टागोर यांची धाकटी बहीण टिंकू हिने मिनीची भूमिका केली. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले आणि पंडित रविशंकर यांच्या संगीताचा बर्लिन चित्रपट महोत्सवात गौरव झाला. त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या हिंदी चित्रपटाने ही कथा बंगालबाहेर घराघरांत पोहोचविली. त्यात काबुलीवाल्याचे नाव अब्दुल रहमान खान असे आहे आणि ती भूमिका बलराज साहनी यांनी केली आहे. मिनी बालकलाकार सोनू हिने, तर तिची आई उषा किरण यांनी साकारली. छायाचित्रण कमल बोस यांचे आहे.

कथा आणि हिंदी चित्रपट यांच्या रचनेत एक महत्त्वाचा भेद आहे. कथेत रहमतच्या मुलीचे अस्तित्व आपल्याला शेवटी, तो कागद उलगडतो तेव्हा कळते. तोपर्यंत मिनीवरील त्याची माया थोडी गूढच राहते, आणि मग एका क्षणात तिचा सारा अर्थ उजळतो. चित्रपट मात्र अफगाणिस्तानातून सुरू होतो. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेला बाप, त्याच्याबरोबर जाण्याचा हट्ट धरणारी अमिना आणि तिला मागे ठेवून निघण्याची त्याची असहायता हे सारे आपण आधीच पाहिलेले असते. कथेतील रहस्योद्घाटनाचा धक्का त्यामुळे नाहीसा होतो. त्याची भरपाई अशी होते की, खान मिनीशी हसतो-बोलतो त्या प्रत्येक प्रसंगी प्रेक्षकाला दुसरी मुलगीही दिसत राहते.

घर सोडून आलेल्यांचा चित्रपट

या चित्रपटामागील अनेक हात स्वतःच स्थलांतरितांचे होते. बलराज साहनी यांचा जन्म १९१३ साली रावळपिंडीत झाला. शांतिनिकेतनात अध्यापन, वर्ध्याला गांधीजींच्या सहवासातील कार्य आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनला बीबीसीची नोकरी असा त्यांचा प्रवास झाला. फाळणीनंतर रावळपिंडी सीमेपलीकडे राहिली. पुढे पाकिस्तानच्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिले. बिमल रॉय हे मूळचे पूर्व बंगालचे. ते कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधून मुंबईस आले. चित्रपटातील गंगेवरचे गीत लिहिणारे गुलजार यांचे जन्मगाव दीना हेही आज पाकिस्तानात आहे. खानाच्या घरओढीत कृत्रिमता जाणवत नाही, यामागे हे अनुभव नसतील असे कसे म्हणावे?

बिमल रॉय आणि बलराज साहनी यांनी यापूर्वी 'दो बिघा जमीन' (१९५३) मध्येही कर्जापायी कलकत्त्यास आलेल्या बापाची कथा सांगितली होती. त्या शंभूबरोबर त्याचा मुलगा शहरात येतो आणि बापाच्या हालअपेष्टा डोळ्यांनी पाहतो. काबुलीवाल्याची मुलगी काहीच पाहत नाही. बाप कसा राबतो, कोठे निजतो, का परतत नाही, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. एकाच कारणाने घडलेल्या स्थलांतराची ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

मराठी वाचकाला उषा किरण यांच्या कामाचेही अगत्य असेल. पूर्वाश्रमीच्या उषा मराठे असलेल्या या अभिनेत्रीने 'शिकलेली बायको' (१९५९) सारख्या चित्रपटांतून मराठी प्रेक्षकांच्या मनात घर केले होते. 'काबुलीवाला'त त्यांच्या वाट्याला संशयी आईची भूमिका आली आहे. परक्या पठाणाशी मुलीची सलगी तिला खपत नाही. ही स्त्री दुष्ट नव्हे. अनोळखी माणसाविषयी कोणत्याही आईला वाटावी ती भीती तिला वाटते. आपण ज्या देशात परके म्हणून राहतो तेथील शेजाऱ्याच्या नजरेत कधी काळी हीच भीती पाहिली असेल, तर ही भूमिका अधिक कळते.

संगीत

सलील चौधरी यांच्या संगीतात दोन भूमी नांदतात. हेमंतकुमार यांच्या स्वरातील गंगेच्या गीतात बंगाल आहे. प्रेम धवन यांनी लिहिलेले आणि मन्ना डे यांनी गायलेले मायदेशाचे गीत अफगाण वळणाच्या सुरावटीत बांधले आहे. दिवसभराच्या पायपिटीनंतर पठाणांच्या बिऱ्हाडात रात्री ते उमटते. मन्ना डे यांनी ते जवळजवळ पुटपुटल्यासारखे, शेजारी निजलेल्याची झोप मोडू नये अशा आवाजात म्हटले आहे. आज हे गीत स्वातंत्र्यदिनाच्या समारंभांत ध्वनिवर्धकावरून वाजते आणि देशभक्तिपर म्हणून ओळखले जाते. परंतु चित्रपटात ते भारताला उद्देशून नाहीच. भारतात परका असलेल्या माणसाने आपल्या डोंगराळ मुलखाला आणि तेथे राहिलेल्या लेकीला घातलेली ती साद आहे. परदेशातील मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत ते गायले जाते तेव्हा ते मूळ अर्थाच्या अधिक जवळ जाते, असे म्हणावयास हरकत नाही.

येण्याजाण्याचे चक्र

काबुलीवाले हे कल्पनेतले पात्र नव्हते. खैबर आणि गोमल या खिंडींतून हिंदुस्थानात उतरायचे, हिंग, सुकामेवा, शाली विकायच्या, उधारी वसूल करायची आणि हंगाम संपताच परतायचे, अशी अफगाण व्यापाऱ्यांची जुनी रीत होती. काही जण सावकारीही करीत. मराठीतील 'पठाणी व्याज' हा शब्दप्रयोग त्याच ओळखीतून आला. रवींद्रनाथांच्या कथेतही रहमत दरवर्षी माघ महिन्यात येणी वसूल करून घरी जातो.

ही नोंद महत्त्वाची आहे. रहमत घर सोडून कायमचा गेलेला नाही. तो येतो आणि जातो. ठसा हा एका वर्षापुरता आधार असतो. पुढच्या भेटीत मूल थोडे वाढलेले दिसणार, हे त्यात गृहीत असते. तुरुंगवासाने हे चक्र तुटते, आणि एका वर्षासाठी घेतलेल्या ठशाला अनेक वर्षे पुरावे लागते. विरहाची शोकांतिका अंतरातून जन्मत नाही. ती चक्र तुटल्याने जन्मते.

आजच्या स्थलांतरिताचे जीवनही अशाच चक्रावर उभे आहे. वर्षातून वा दोन वर्षांतून एकदा घरी जायचे, हा अलिखित करार असतो. मार्च २०२० मध्ये भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा स्थगित केली तेव्हा हा करार एका रात्रीत मोडला, आणि कित्येकांना आईवडिलांचे अंत्यदर्शन पडद्यावरून घ्यावे लागले. आखाती देशांत कुटुंब सोबत आणण्याची परवानगी सामान्यतः उत्पन्नाच्या अटीशी बांधलेली असते. त्यामुळे अल्पवेतनी कामगाराची मुले मागेच वाढतात. अमेरिकेत एच-१बी व्हिसाधारकाच्या मुलाचा आश्रित म्हणून असलेला दर्जा २१ व्या वर्षी संपतो, आणि एकत्र वाढलेल्या कुटुंबापुढेही ताटातुटीचा प्रश्न उभा राहतो. कारणे वेगळी, कागदपत्रे वेगळी. चक्र तुटण्याची भीती तीच.

ओळख पटण्याचा क्षण

नववधूच्या वेषातील मिनी समोर येते तेव्हा काबुलीवाला गोंधळतो. तो जिच्यासाठी मेवा घेऊन आला ती पाच वर्षांची मुलगी आता कोठेच नाही. त्याने सासरचा जुना विनोद काढताच ती लाजते, कारण आता तिला त्या शब्दाचा अर्थ कळतो. येथे कथेचा खरा घाव बसतो. आपली मुलगीही एवढीच झाली असेल, आणि ती आपल्याला ओळखणार नाही, हे त्याला प्रथमच उमगते. ज्या ठशाने त्याला इतकी वर्षे तगविले, त्यानेच हे सत्य त्याच्यापासून दडविलेले असते.

आपल्या हाती आता काजळीच्या कागदाऐवजी दूरध्वनीचा पडदा आहे. आईवडील रोज दिसतात, नातवंडांची पावले दिसतात. त्यामुळे आपले घड्याळ थांबलेले नाही असे वाटते. तरीही विमानतळावर प्रत्यक्ष भेट होते तेव्हा वडिलांची चाल मंदावलेली असते, आईला जिना चढवत नाही, आणि आजोळी वर्षभर राहिलेले मूल आजीचा पदर सोडून आपल्याकडे यायला तयार नसते. पडद्यावर चेहरा दिसतो. वय दिसेलच असे नाही.

पुढील रूपे

या कथेकडे चित्रपटकार पुन्हा पुन्हा वळले आहेत. देब मेढेकर दिग्दर्शित 'बायोस्कोपवाला' (२०१८) मध्ये डॅनी डेंग्झोंग्पा यांनी रहमत साकारला आणि मोठ्या झालेल्या मिनीलाच शोधाच्या वाटेवर नेले. सुमन घोष यांच्या बंगाली 'काबुलीवाला'त (२०२३) ही भूमिका मिथुन चक्रवर्ती यांनी केली. परक्या भाषांतही अशा कथा आहेत. पॅट्रिशिया रिगन यांच्या 'ला मिस्मा लूना' (२००७) या स्पॅनिश चित्रपटात लॉस एंजेलिसला राबणाऱ्या आईला भेटण्यासाठी नऊ वर्षांचा मुलगा एकटाच मेक्सिकोहून निघतो.

या सर्वांत मूळ कथेचा शेवट अजूनही वेगळा उठून दिसतो. मिनीचा पिता उपदेश करीत नाही वा केवळ हळहळतही नाही. विवाहाच्या खर्चातून तो एक नोट काढून रहमतच्या हाती ठेवतो आणि मुलीकडे परत जाण्यास सांगतो. त्यापायी विजेची रोषणाई आणि बँड यांना काट मिळते, घरातील स्त्रिया नाराज होतात. मुलीला सासरी धाडणारा एक बाप दुसऱ्या बापाला त्याच्या मुलीपर्यंतचा प्रवासखर्च देतो. पुढची भेट कशी झाली, तिने त्याला ओळखले की नाही, हे रवींद्रनाथांनी सांगितले नाही. एवढेच निश्चित की, त्याला आता तिच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागणार होती, आणि तरीही जाणे आवश्यकच होते.