शिक्का, ठसा आणि मानोऱ्याची ट्रेडल

परवा शनिवारी बहिणीकडे गेलो, तर भाची जेवणाच्या टेबलावर दिवाळीच्या शुभेच्छापत्रांचा कारखाना मांडून बसली होती. शाईची पॅडं, पारदर्शक ठसे, रंगीत जाड कागद आणि मध्यभागी हँडलवालं एक छोटं मशीन. दोन प्लॅस्टिकच्या पाट्यांमध्ये कागद आणि डाय ठेवायची, हँडल फिरवायचं, रुळांच्या दाबाने कागदाची पणती कापून बाहेर. झकास! फक्त एकच अडचण होती. पणतीची एक बाजू कापलीच जात नव्हती.

"मामा, तू इंजिनिअर ना? बघ ना जरा."

आता मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे काही चाललं नाही की बंद करून पुन्हा चालू करतात. इथे तर चालू-बंदचं बटणच नव्हतं! पण डायकडे बघता बघता मला थेट मानोरा आठवलं. त्या आठवणीकडे येतोच, आधी थोडा इतिहास.

ठसा ही मुळात हौसेची वस्तू नव्हे, सत्तेची. आपण आजही 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो. शिवकालीन पत्रांत शिक्का वर असे आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. मोर्तब म्हणजे पत्राची हद्द. त्यापुढे कुणी स्वतःच्या पदरचं एक अक्षर घुसडू नये म्हणून केलेली सोय. आजच्या भाषेत डिजिटल सिग्नेचर म्हणा ना. असा ठसा ज्याच्या त्याच्या हातात असून चालणारच नव्हतं.

पुढे ठसा टपालात शिरला. १ जुलै १८५२ ला सिंधमध्ये 'सिंध डाक' नावाची अर्ध्या आण्याची गोल तिकिटं निघाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. आशिया खंडातली ही पहिली टपाल तिकिटं. लाल लाखेसारख्या चकतीवर उठवलेली तिकिटं तडकायची. पांढऱ्या कागदावर बिनशाईची उठवली, तर ती नीट दिसेनात. मग निळी काढली. म्हणजे एकाच तिकिटाची तीन व्हर्जन्स! १८५४ मध्ये साऱ्या देशासाठी नवी तिकिटं आली आणि सिंध डाक बंद झाली.

शुभेच्छापत्राचा जन्मही स्वस्त टपालाच्याच पोटचा. इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं. ती योजना राबवायला मदत करणाऱ्यांपैकी एक होते हेन्री कोल. नाताळात सगळ्यांना हाताने पत्रं लिहीत बसायला वेळ नाही, म्हणून १८४३ मध्ये त्यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि कार्ड छापलं. किंमत एक शिलिंग. ज्या कार्डाला आज आपण आपुलकीची खूण मानतो, ते निघालं कामाच्या गडबडीतून! गंमत म्हणजे त्यातल्या फक्त रेषा छापील होत्या. रंग हातानेच भरले होते.

आपल्याकडेही छापील आणि हाताचं असं एकत्रच नांदलं. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली देवदेवतांची चित्रं घरोघरी गेली आणि लोकांनी त्यावर जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवून लक्ष्मी-सरस्वतीला साडी नेसवली. भाची करते ते वेगळं काय आहे?

हातकागदाचंही तेच. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे तो कचेरीतून, चोपडीतून हद्दपार झाला. १९३४ साली वर्ध्याला गांधीजींचा ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातकागदाला पुन्हा हात दिला. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. आज तो कागद कुणी हिशेबाला वापरत नाही. लग्नपत्रिकेला आणि शुभेच्छापत्राला मात्र हौसेने घेतात.

आता मानोरा. आमचं गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं (वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला). बाजारात एक छापखाना होता, तिथे काळी धिप्पाड ट्रेडल. पायडल मारलं की तिचा जबडा उघडायचा आणि मिटायचा, तेवढ्यात काका कागद आत सरकवायचे आणि काढायचे. बोटं शाबूत ठेवून! लग्नसराईत त्याच ट्रेडलचे शाईचे रूळ काढून ठेवायचे आणि खिळ्यांच्या जागी डाय बसवायची.

डाय म्हणजे प्लायवूडच्या फळीत आकाराप्रमाणे चिरा पाडून त्यात वाकवून ठोकलेली पोलादी पाती. छपाईच्या खिळ्यांची उंची साधारण २३.३ मिलिमीटर, पात्यांची २३.८. हा अर्धा मिलिमीटर म्हणजेच छापणं आणि कापणं यातला फरक. पात्यांशेजारी रबराचे तुकडे लावलेले, कापलेला कागद अडकू नये म्हणून. काकांकडे कलशाच्या आकाराची एकच डाय होती. तालुक्यातल्या कितीतरी घरी लग्नाचं आमंत्रण त्या कलशातूनच गेलं असेल.

काका मला म्हणायचे, "पाय बाबू, पातं बोथट झालं का कागद कटत नाही, फाटते." आणि एक बाजू कापली गेली नाही, तर ते दाब वाढवायचे नाहीत. तेवढ्याच जागी मागून पतंगाच्या कागदाचा तुकडा चिकटवायचे. मग आणखी एक. नख फिरवून बघायचे. ह्याला ते 'पॅकिंग' म्हणत.

मग डीटीपी आलं, ऑफसेट आलं, पत्रिका शहरातून तयार यायला लागल्या. ट्रेडल भंगारात गेली, किलोच्या भावाने. काकांनी पुढे झेरॉक्सचं दुकान टाकलं. कॉम्प्युटर शिकायला मी गाव सोडलं होतं, म्हणजे त्यांचं काम ज्याने गेलं त्याच गोष्टीवर माझं पोट चालतं. हे तेव्हा लक्षात आलं नाही. आता येतं.

सांगायचा मुद्दा हा, की शिक्का दरबारातून टपालात आणि छापखान्यात आला, आणि धंद्याला नकोसा झाला तेव्हा भाचीच्या टेबलावर आला. हत्यार असं हातोहात उतरत येतं. पण त्या हाताचं ज्ञान आपोआप येत नाही. ते मशीनच्या खोक्यात मिळत नाही, किलोच्या भावाने विकलंही जात नाही. कुणीतरी कुणाला तरी सांगावं लागतं.

बहिणीच्या कपाटात भेटवस्तूचा पातळ कागद सापडला. कापलं न जाणाऱ्या बाजूला, पाटीखाली एक तुकडा लावला. थोडं कापलं. दुसरा लावला, हँडल फिरवलं, आणि पणती अखंड बाहेर आली.

"हे तुला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं?" भाचीने विचारलं.

"मानोऱ्यात," म्हटलं, आणि तिसरा तुकडा तिलाच लावायला दिला. पहिलं कार्ड काकांना जाणार आहे. पत्ता बहिणीकडून घेतलाय, तिकीट मी लावणार.