ब्लॉकपासून क्लिकपर्यंत

१६ मार्च १९२८ रोजी बंगळुरूत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ‘नव्या प्रारणा’वर व्याख्यान दिले. ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये ते छापले गेले, तेव्हा वर्णपटाची छायाचित्रे हाच त्याचा मुख्य पुरावा होता. त्या काळी मजकूर खिळ्यांनी जुळवला जाई; छायाचित्रासाठी धातूचा ब्लॉक निराळा करवून घ्यावा लागे. १९८४ मध्ये मॅकिंटॉश संगणकावर ‘मॅकपेंट’मधील चित्र ‘मॅकराइट’च्या मजकुरात थेट चिकटवता येऊ लागले. दोन कारागिरांचे काम लेखकाच्या हाती आले. त्याबरोबर चुकीची वाटही सोपी झाली. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक व सहकाऱ्यांनी २०,६२१ जैववैद्यकीय शोधनिबंध तपासले, ३.८ टक्के निबंधांत चित्रांची आक्षेपार्ह पुनरावृत्ती आढळली. चित्र बसवणे आता क्षणाचे काम आहे. मूळ नोंद जपणे मात्र संशोधकाकडेच राहिले आहे.