डी ड्राइव्ह आणि आबांची वही

परवा रात्री साडेदहाला नांदेडहून पुतण्याचा फोन आला. "काका, लॅपटॉपवर आज लिनक्स टाकलं. सगळं मस्त चाललंय, पण डी ड्राइव्ह उघडत नाहीये."

मी पहिला प्रश्न विचारला, "फॉरमॅट तर नाही ना केलंस?"

"नाही अजून. करू का?"

त्या 'अजून'ने माझ्या पोटात गोळा आला. त्याला म्हटलं, काही करू नकोस, विंडोज सुरू कर. त्यात 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते, ती बंद कर, मग मशीन नीट बंद कर आणि पुन्हा लिनक्समध्ये ये. दहा मिनिटांत त्याचा मेसेज आला, 'उघडली'. झालं होतं एवढंच, की २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून ते अर्धवट झोपतं, आणि डिस्कवरचे व्यवहारही अर्धेच सोडतं. लिनक्सला ते कळतं, म्हणून ते त्या भागात हात घालत नाही. घरमालक पडवीत डुलकी घेत असताना त्याच्या कपाटाची उचकपाचक कोण करेल?

पुतण्याचा प्रश्न सुटला, पण मला काही झोप लागेना. कारण हाच प्रश्न एकदा आमच्या लातूरच्या घरात आला होता, आणि तेव्हा डी ड्राइव्हवर आबा होते.

ही २००६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा नोकरीला नांदेडला. सुट्टी काढून लातूरला आलो होतो. घरच्या कॉम्प्युटरमध्ये ४० जीबीची डिस्क, तीन भाग: सी, डी आणि ई. एक्सपीत इतके व्हायरस झाले होते की मशीन सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा. एका मासिकासोबत लिनक्सची सीडी आली होती. म्हटलं, सी पुसून त्या जागी हेच टाकू. डी आणि ई ला हात लावायचा नाही. ते दिवस भारनियमनाचे. वीज जायच्या आत उरकायचं म्हणून घड्याळ लावून बसलो आणि एकदाचं ते झालं. फार खूष होतो स्वतःवर!

संध्याकाळी भाऊकाका फिरून आले. "झालं का तुझं? बरं, आबांचं लिहिलेलं उघड की."

उघडायला गेलो तर डी नाही. ई पण नाही.

नातेवाइकांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. आबांचं शिक्षण निजामाच्या राज्यात, नांदेडला, उर्दू माध्यमात झालं. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीच्या जागी उर्दू ही दफ्तराची भाषा झाली होती, आणि १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवायचं. घरात मराठी, कचेरीत उर्दू. मग सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. दफ्तर मराठीत आलं, आबांनी मराठीत दफ्तर लिहिलं. पण स्वतःपुरतं काही लिहायचं झालं की हात उर्दूतच चालायचा. त्यांची एक वही होती. शेवटच्या वर्षात ते रोज संध्याकाळी त्या वहीतलं पान वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि भाऊकाका समोर बसून टाइप करायचे. एका बोटाने. २००५ मध्ये आबा गेले. टाइप केलेलं सगळं डी वर. सीडी काढू काढू म्हणत राहून गेलेली.

भाऊकाका मला काही बोलले नाहीत. ते उठले, ट्रंकेतून वही काढली आणि माझ्या हातात दिली. "ही तरी आहे." मी पहिलं पान उघडायला गेलो तर ते शेवटचं निघालं, कारण उर्दू वही उजवीकडून उघडते. घरात आम्ही सात माणसं होतो. एकालाही त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

आता जरा डिस्कबद्दल.

हार्डडिस्कच्या अगदी सुरुवातीच्या ५१२ बाइटांत एक छोटा तक्ता असायचा, पार्टिशन टेबल. १९८३ साली आयबीएमचा पीसी-एक्सटी आणि डॉस २.० आलं, त्यांच्याबरोबर तो आला. फक्त ६४ बाइट, चार ओळी. कोणता भाग कुठे सुरू होतो, केवढा आहे, कोणत्या प्रकारचा आहे, बस्स. मी त्याला डिस्कचा सातबारा म्हणतो. सातबारा चुकला, हरवला, तरी शेत जागेवरच असतं. आमचाच जिल्हा घ्या. १९८२ पर्यंत लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, मग वेगळा जिल्हा झाला. नकाशावर नवी रेघ आली म्हणून कोणाच्या शेतातली तूर काही हलली नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सातबारा पाहणं. लिनक्समध्ये त्यासाठी एफडिस्क नावाची आज्ञा आहे. नुसतं वाचायला सांगितलं तर ती डिस्कला धक्का लावत नाही. चालवली आणि जिवात जीव आला. दोन्ही भाग यादीत होते. पाचव्या क्रमांकावर एनटीएफएस, म्हणजे आमची डी. सहाव्यावर फॅट-३२, म्हणजे ई. शेत जागेवर होतं, वाट तेवढी सापडत नव्हती.

विंडोजसारखी सी, डी, ई अशी अक्षरं लिनक्समध्ये नसतात. तिथे एकच मोठं झाड असतं आणि डिस्कचा प्रत्येक भाग त्याच्या एखाद्या रिकाम्या फांदीला टांगावा लागतो. यालाच 'माउंट' करणं म्हणतात. शब्द जुना आहे. युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही ही आज्ञा सापडते. टांगला नाही तर भाग असूनही दिसत नाही. ई चं दुखणं एवढंच होतं. रूट म्हणून आज्ञा दिली आणि ई उघडली. पण घरच्या साध्या खात्यातून तिथे लिहिता येईना. फॅटमध्ये फाइलचा मालक कोण हे लिहायला जागाच नसते, त्यामुळे जो टांगेल त्याच्या नावावर सगळं चढतं. टांगताना 'सर्वांना परवानगी' असं सांगितलं की मिटलं.

डी मात्र सरळ म्हणाली, "अननोन फाइलसिस्टिम टाइप". हा प्रकार मला माहीत नाही.

एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. डिस्कवर ती नेमकं काय, कुठे, कसं लिहिते याचा संपूर्ण तपशील मायक्रोसॉफ्टने जाहीर केला नाही. मग इतरांनी काय केलं? विंडोजकडून डिस्कवर काहीतरी लिहून घ्यायचं, मग बाइट न् बाइट पाहून अर्थ लावायचा. एखादी अनोळखी लिपी वाचावी तसं. मार्टिन फॉन ल्योविस यांनी नव्वदच्या दशकात लिनक्ससाठी पहिला ड्रायव्हर लिहिला, अँटन अल्तापारमाकोव यांनी २००२ मध्ये तो नव्याने लिहिला. त्याला वाचता चांगलं यायचं, लिहिता मात्र जवळजवळ नाहीच. भरवशाने लिहिणारा एनटीएफएस-३जी, साबोल्च साकाचिच यांचा, फेब्रुवारी २००७ मध्ये पक्का झाला. आणि लिनक्सच्या गाभ्यातच लिहू-वाचू शकणारा ड्रायव्हर यायला २०२१ उजाडलं. म्हणजे एका लिपीची साक्षरता यायला अठ्ठावीस वर्षं!

माझ्याकडच्या सीडीवर तर वाचणारा ड्रायव्हरही नव्हता. तो स्वतंत्रपणे मिळत होता, पण कर्नलच्या आवृत्तीशी आकडा न् आकडा जुळणाराच हवा. घरी इंटरनेट नाही. कागदावर आवृत्ती लिहून घेतली आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला परतलो. संध्याकाळी सायबर कॅफेत फाइल उतरवली, शनिवारी लातूरला आणली. बसेना! आवृत्ती बरोबर होती, प्रोसेसरचा प्रकार चुकला होता. ६८६ ऐवजी ५८६. आजी दारात उभी होती. "काढलं का रे त्यांचं?" तिला ५८६ आणि ६८६ मधला फरक मी काय सांगणार? पुन्हा एक आठवडा.

त्या आठवड्यात दोन-तीन जाणकारांनी सल्ला दिला, "त्यात काही दिसत नाही ना? मग फॉरमॅट मारून मोकळा हो." आणि हा सल्ला नुसता माणसंच देत नाहीत. विंडोजला लिनक्सचा भाग दाखवा. तेही म्हणतं, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का? मला वाचता येत नाही असं ते म्हणत नाही. इथे काही लिहिलेलंच नाही असं म्हणतं.

पुढच्या शनिवारी फाइल बसली आणि डी उघडली. सगळे मागे उभे. फोटो होते, ताईच्या लग्नाचा हिशेब होता, गाणी होती. 'आबा' नावाचं फोल्डर नव्हतं.

भाऊकाका म्हणाले, "जाऊ दे बाळा." ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

मी बसून राहिलो. काहीतरी करायचं म्हणून किती जागा वापरली गेलीय ते पाहिलं. जवळपास सहा जीबी. मग दिसणाऱ्या फायलींची बेरीज केली. चारसुद्धा भरेना. म्हणजे दोन जीबी तिथे होते, पण मला दाखवले जात नव्हते. ड्रायव्हरची माहिती सावकाश वाचायला घेतली, तेव्हा एका ओळीत उत्तर सापडलं. फायलींची नावं एनटीएफएस युनिकोडमध्ये ठेवते. लिनक्स ती दाखवताना दिलेल्या अक्षरसंचात बदलतं. तो अक्षरसंच पश्चिम युरोपचा असला तर 'आबा' हे नाव त्यात लिहिताच येत नाही. फॅटमध्ये अशा नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. एनटीएफएसचा हा ड्रायव्हर मात्र ते नाव यादीतून गाळूनच टाकायचा. भाऊकाकांनी हौसेनं फोल्डरचं नाव देवनागरीत दिलं होतं!

डी खाली उतरवली. 'यूटीएफ-८ वापर' एवढं जोडून पुन्हा टांगली. आबा आले. वेलांटी चुकीच्या जागी, काही जोडाक्षरं फुटलेली, पण आले. ओपन ऑफिसमध्ये पहिली फाइल उघडून भाऊकाकांनी मोठ्याने वाचायला घेतली आणि दुसऱ्या ओळीला थांबले. पुढचं आजीने स्वतः सांगितलं. तिला ते पाठ होतं.

त्याच रात्री वीज जायच्या आत तीन सीड्या काढल्या.

मग लक्षात आलं की वही चौसष्ट पानांची आणि टाइप झालेली पानं अडतीसच. उरलेली पानं आबांनी वाचण्याआधीच ते गेले. त्यावर मात्र कुठलाच ड्रायव्हर उतरवता येत नव्हता. शेवटी २००७ च्या दिवाळीनंतर नांदेडच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ती वाचून दिली. चार बैठका, पैसे घेतले नाहीत. काय निघालं त्यात? बियाण्याची उसनवारी, बैल कितीला घेतला, कोणाचे किती देणे, आणि अधूनमधून एखादी ओळ: आज पाऊस नाही. आज धाकट्याला ताप. धाकटा म्हणजे भाऊकाका.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातली निजामकालीन दफ्तरं बाहेर निघाली, तेव्हा उर्दू, फारसी आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. लोकांचे दाखले, मुलांचे प्रवेश त्यावर अवलंबून. कागद इतकी वर्षं कपाटांतच होते. मला आमच्या लातूरच्या घरातली ती संध्याकाळ आठवली, सात माणसं आणि एक वही.

असो. पुतण्याला मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, डी मध्ये काय होतं एवढं? म्हणाला, सिनेमे आणि कॉलेजचा प्रोजेक्ट. त्याला तीन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही लिहून ठेवतो. आधी सातबारा बघ. मग नुसतं वाचायला टांग, लिहू नको. आणि बेरीज करून बघ, जेवढं दिसतंय तेवढंच आहे का ते.

घरच्यांना एक विनंती. अहमदपूरच्या आत्याकडे आबांची काही पत्रं आहेत असं आजी म्हणायची. ज्याच्याकडे असतील त्याने 'वाचता येत नाहीत' म्हणून रद्दीत घालू नका. मोबाइलवर फोटो काढून मला पाठवा. पानं उजवीकडून लावा.