दुधाचा रंग आणि सागवानी कपाट

गेल्या काही महिन्यांत मला तीन वेगवेगळ्या लोकांनी एकच प्रश्न विचारला. "घरात आजोबांचं जुनं कपाट आहे. त्याला मिल्क पेंट मारू का?" तिघेही आयटीवाले. तिघेही राहतात नव्या नाशकात, म्हणजे गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा वगैरे. आणि तिघांच्याही आजोबांचं बिऱ्हाड जुन्या नाशकातल्या वाड्यात होतं. वाडा पडला, वाटण्या झाल्या, कुणाच्या वाट्याला कपाट आलं, कुणाच्या आरामखुर्ची, कुणाच्या देव्हारा. आता पांढऱ्याशुभ्र मॉड्युलर फर्निचरशेजारी ते काळपट धूड शोभत नाही. मग यूट्यूबवर कुणी अमेरिकन बाई असंच एक कपाट एका दुपारीत फिक्या निळ्या रंगाचं करून दाखवते. रंग दुधाचा, म्हणजे नैसर्गिक. नैसर्गिक म्हणजे पारंपरिक. पारंपरिक म्हणजे चांगला!

या "म्हणजे"च्या साखळीतला एकेक दुवा तपासून बघावा असं वाटलं. आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचे, मग वीकेंडला हे. चला तर.

आधी हा रंग म्हणजे नक्की काय? गाईच्या दुधात साधारण साडेतीन टक्के प्रथिनं असतात आणि त्यातलं सुमारे ८० टक्के असतं केसीन. दुधात आंबट काही पडलं आणि पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीनचे कण एकमेकांना धरून बसतात. आपण म्हणतो दूध फाटलं. साय काढलेल्या दुधाचं असं केसीन पाण्यानं धुऊन घ्यायचं आणि त्यात विरवलेला चुना कालवायचा. चुना अल्कली असल्यामुळं तो गोळा पुन्हा सैल होतो आणि त्याची चिकट खळ बनते. या खळीत गेरू, पिवडी, काजळी असं काहीही रंगद्रव्य घाला, झाला मिल्क पेंट. सुकल्यावर तो पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. कालवलेला रंग मात्र त्याच दिवशी संपवावा लागतो. शेवटी दूधच ते. म्हणून हल्ली तो पावडरच्या पाकिटात विकतात.

हे ज्ञान जुनंच आहे. बाराव्या शतकात थिओफिलस या नावानं लिहिणाऱ्या एका युरोपियन ख्रिस्ती साधूनं फळ्या जोडण्यासाठी चीज आणि चुन्याचा सरस कसा करायचा ते लिहून ठेवलंय. १८०१ साली कादे द व्हो या फ्रेंच रसायनज्ञानं दुधाच्या रंगावर एक टिपणच प्रसिद्ध केलं. साय काढलेलं दूध, चुना, खडूची पूड आणि थोडं तेल. स्वस्त, लवकर वाळणारा आणि मुख्य म्हणजे तेलरंगासारखा वास न मारणारा.

आणि अमेरिका? तिथल्या जुन्या फर्निचरवरचा मंद, खडूसारखा दिसणारा रंग म्हणजे मिल्क पेंट, असं संग्राहक वर्षानुवर्षं सांगत आले. पुढं जतन करणाऱ्या तज्ज्ञांनी ते थर सूक्ष्मदर्शकाखाली आणि प्रयोगशाळेत नेले, तेव्हा त्यातले बरेचसे साधे तेलरंग निघाले. म्हणजे ज्या परंपरेची पाकिटं आज विकली जातात, ती तिच्या स्वतःच्या गावातही वाटते तेवढी सर्वव्यापी नव्हती. (लेगसी सिस्टिमबद्दलची दंतकथा आणि प्रत्यक्ष कोड यात फरक असतो तसंच हे.)

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे दूध होतं, चुना होता, गेरू होता. मग वाड्यातल्या कपाटांना दुधाचा रंग का नाही दिला कुणी? मला याची दोन कारणं दिसतात, आणि दोन्ही चांगली रोखठोक आहेत.

पहिलं कारण स्वयंपाकघरातलं. युरोप-अमेरिकेत दूध थंड जागी ठेवून वर आलेली साय काढून घेत आणि तिचं लोणी करत. खाली उरायचं ते निसत्त्व गोड दूध. ते डुकरांना घालत, तेवढं ते जास्त झालेलं असायचं. असल्या उरलेल्या मालातूनच रंगाची कल्पना निघते. आपल्याकडे दूध तापवायचं, विरजण लावायचं, रवीनं घुसळून लोणी काढायचं. उरतं ते ताक. आणि ताक कोण टाकून देतं? ते प्यायचं, कढी करायची, शेजारी द्यायचं. आपल्या पाईपलाईनमध्ये "वेस्ट" नावाचं आउटपुटच नव्हतं. ताकातलं केसीन लाकडापर्यंत पोचायच्या आधीच पोटात जात होतं.

दुसरं कारण लाकडातलं. मिल्क पेंट शोभतो तो पाईनवर. पाईन फिकट, मऊ आणि दिसायला बेताचा. तो झाकायलाच हवा. नाशिकच्या उशाला मात्र सागाची जंगलं. पेठ, सुरगाणा आणि त्यापलीकडं डांग. डांगचा साग इतका नावाजलेला की ब्रिटिशांनी १८४२ साली तिथल्या भिल्ल राजांकडून ही जंगलं भाडेपट्ट्यानं घेतली, कारण त्यांना जहाजांसाठी लाकूड हवं होतं. साग पाण्यात काय करतो हे बघायचं असेल तर 'ट्रिंकोमाली' बघा. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी मलबारी सागातून बांधलेली ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

सागाच्या पोटातच तेल असतं आणि वाळवीला न मानवणारी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात. असलं लाकूड झाकायचं कशाला? उलट त्याचं तेलपाणी करत राहायचं. सरकारवाड्यातले किंवा चांदवडच्या रंगमहालातले खांब आठवून बघा. रंगमहाल अहिल्याबाई होळकरांच्या काळातला. चित्रं आहेत ती भिंतीवर, आणि खांबांवर सुताराचं कोरीवकाम. रंगानं भिंत बोलते, लाकूड नक्षीनं बोलतं. ही श्रमविभागणी मला फार आवडते.

लाकडाला मग लावायचं काय, तर जवसाचं तेल (उकळलेलं ते बेलतेल), राळ घालून केलेलं रोगण आणि लाख. हा वारसा भलताच जुना आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत 'वज्रलेपा'च्या कृती दिल्या आहेत. मंदिरं, हवेल्या, भिंती आणि मूर्ती यांवर द्यायचा लेप. त्यात कच्ची टेंभुर्णी, कवठ, बेल, जवस, गुग्गुळ, राळ आहे. दुसऱ्या एका कृतीत लाख आहे, तिसरीत जनावरांची शिंगं आणि कातडं आहे. चौथीत तर आठ भाग शिसं आहे! दूध मात्र कुठंच नाही. (शिसं लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत यायचंय.)

लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या एका बारीक किड्याचा स्राव. आपल्या पूर्व विदर्भात, गोंदिया-गडचिरोलीकडं ती आजही गोळा करतात. एकोणिसाव्या शतकात हीच लाख चपड्याच्या रूपात युरोपात गेली, स्पिरिटमध्ये विरघळली आणि 'फ्रेंच पॉलिश' हे नाव घेऊन परत आली. आपल्या आजोबांच्या कपाटावर जे आहे ते बहुतेक वेळा हेच. पॉलिशवाला कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून गोल गोल फिरवत पातळ थरांवर थर चढवायचा.

चपड्याची एक खासियत सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. त्याला 'अनडू' आहे. शंभर वर्षांचा थर असला तरी तो सहसा स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतो. ओरखडा पडला तर नवा हात मारायचा, तो जुन्या थरात मिसळून जातो. सगळं खरवडायची गरज नाही. मिल्क पेंट उघड्या लाकडाच्या रेषांत शिरला की परत निघत नाही; काढायचा तर लाकूडच तासावं लागतं.

पण मग केसीन आपल्या घरात कधी आलंच नाही का? आलं ना, भिंतीवर आलं! सुक्या डिस्टेंपरची पावडर आठवते? पाण्यात कालवून भिंतीला फासायची, आणि अंग घासलं की शर्टाला लागायची तीच. तिच्यात खडू आणि रंगद्रव्य धरून ठेवायला सरस किंवा केसीन असायचं. म्हणजे आज जे पाकीट आपण कौतुकानं परदेशातून मागवतो, त्याचा चुलतभाऊ आपल्या वडिलांनी गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणला होता. त्याला कुणी हेरिटेज म्हटलं नव्हतं, एवढंच.

लाकडावर रंग चढला तो विसाव्या शतकात, आणि तो ऑइल पेंट होता. हावड्याचा शालिमारचा कारखाना १९०२ चा. १९४२ साली मुंबईत गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिला ब्रश आणि डबा घेतलेला खट्याळ गट्टू काढून दिला आणि रंग लहान डब्यातून घरोघरी पोचला. दिवाळीला डबा आणायचा आणि खिडक्या, दारं, कपाटं, दिसेल ते रंगवायचं. सागाला हिरवा, सागाला निळा, सागाला 'चॉकलेटी'. नव्या चकचकीत एनॅमलपुढं पॉलिशवाल्याचा बोळा मागासलेला वाटायला लागला असणार. आज मिल्क पेंटपुढं एनॅमल वाटतंय तसाच.

आणि इथं विषय नुसत्या आवडीनिवडीचा राहत नाही. या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, लालसाठी शेंदूर, पिवळ्या-हिरव्यासाठी शिशाचं क्रोमेट, आणि लवकर वाळावं म्हणून शिशाचेच ड्रायर. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात ९० भाग अशी कायदेशीर मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ती लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे आपल्या लहानपणीच्या कुठल्याही डब्याला अशी सक्तीची मर्यादा नव्हती.

आता यूट्यूबवरची पहिली पायरी आठवा. "जुना रंग सॅंडपेपरनं घासून घ्या." फ्लॅटच्या बाल्कनीत, रविवारी सकाळी, शेजारी दोन वर्षांचं पोर रांगतंय. ती पूड फरशीवर बसते, फरशीवरून हाताला आणि हातावरून तोंडात. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि त्याची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. वर मारणार तो रंग बिनविषारी आहे हो, पण तो मारण्यासाठी जे उडवताय ते नाही.

तर मला विचारलंत तर उत्तर असं. आधी कपाटाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचं फडकं घासा. पृष्ठभाग चिकट झाला आणि फडक्याला तपकिरी डाग आला तर तो चपडा. अशा कपाटाला रंग लावूच नका. मऊ फडक्यानं पुसा, चांगल्या पॉलिशवाल्याकडून चार हात मारून घ्या. जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका, हीट गनही नको. शक्य असेल तर प्रयोगशाळेत शिसं तपासून घ्या. काढायचाच असेल तर ओला ठेवून, मुलं आणि गरोदर बाई घरात नसताना, किंवा सरळ जाणकार माणसाकडून. थर घट्ट बसलेला असेल तर तो तसाच राहू देणं हासुद्धा उत्तम पर्याय आहे.

मिल्क पेंट मारायचाच असेल तर नव्या, उघड्या पाईनवर मारा. छान दिसतो. तेलकट सागावर किंवा पॉलिशवर तो नीट धरत नाही, पोपडे निघतात. (परदेशात त्या पोपड्यांनाच 'लूक' म्हणतात, ते वेगळं!) शिवाय आपला पावसाळा. ओलसर भिंतीला टेकलेलं केसीन म्हणजे बुरशीला मेजवानी. दुसऱ्या महायुद्धातली 'मॉस्किटो' विमानं लाकडी होती, सुरुवातीला केसीनच्या सरसानं जोडलेली. दमट हवेत तो सरस दगा देतो हे लक्षात आल्यावर त्याची जागा कृत्रिम सरसानं घेतली. विमानाला जे झेपलं नाही ते कपाटानं का सोसावं?

साखळीतले दुवे असे एकेक सुटले. दुधाचा रंग नैसर्गिक आहे, पण आपल्या लाकडाची परंपरा तो नव्हे. परंपरा म्हणजे प्रत्येक गावानं हाताशी काय आहे आणि उरतंय काय, याचं काढलेलं उत्तर. त्यांच्याकडं पाईन होता आणि दूध उरत होतं. आपल्याकडं साग होता, लाख होती, आणि ताक उरत नव्हतं.

वाडे भराभर जाताहेत. त्यांच्या तुळया आणि कडीपाट जुन्या लाकडाच्या बाजारात घनफुटावर विकले जाताहेत. त्या घरातलं जे एखादं कपाट तुमच्या वाट्याला आलंय, त्याच्या अंगावर किमान दोन-तीन पिढ्यांचे हात आहेत. ते काळपट दिसतं हे खरं. पण एकदा पुसून तर बघा. आत साग आहे.