०.०२२ : माऊसच्या एका आकड्याचा वारसा

जून १९९६ मध्ये अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने ‘क्वेक’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या आज्ञावलीत ०.०२२ असा एक आकडा होता. माऊस टेबलावर सरकताना संगणकाला सूक्ष्म नोंदी पाठवत असतो. अशा एकेका नोंदीमागे खेळातील नजर किती अंश वळावी, हे त्या आकड्याने ठरत असे. खेळाडू जी ‘सेन्सिटिव्हिटी’ बदलतो, ती या आकड्याला गुणणारी संख्या होय.

‘हाफ-लाइफ’ (१९९८) क्वेकच्याच सुधारित इंजिनावर उभा राहिला आणि हाफ-लाइफवर मिन्ह ले व जेस क्लिफ यांनी ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला. पुढे इंजिने बदलली, चित्रे पालटली, ०.०२२ मात्र २०१२ च्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्येही टिकला आणि २०२३ च्या ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्येही. जुना वाडा पाडून इमारत बांधावी, पण उंबरठा तोच ठेवावा, तसा हा प्रकार.

देवनार-गोवंडीपासून बोरिवलीपर्यंतच्या ज्या पिढीने तासाच्या भाड्यावर सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ खेळला, तिच्या मनगटात हा आकडा नकळत मुरला. अडचण एवढीच, की सेन्सिटिव्हिटी खेळाडूची आणि माऊस कॅफेमालकाचा. एक माऊस इंचामागे ४०० नोंदी पाठवी, शेजारचा ८००. खुर्ची बदलली की त्याच सेन्सिटिव्हिटीवर नेम दुप्पट वेगाने धावे! म्हणून जाणकार आकड्याऐवजी अंतर मोजू लागले : पूर्ण ३६० अंशांची गिरकी घ्यायला माऊस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो? इंचामागे ८०० नोंदी आणि सेन्सिटिव्हिटी १ असेल, तर काउंटर-स्ट्राइकमध्ये हे अंतर सुमारे ५२ सेंटिमीटर भरते. पट्टीने मोजलेले हे माप कोणत्याही खेळात नेता येते.

त्याची खरी कसोटी लागली ती २०२० मध्ये. टाळेबंदीच्या त्या वर्षी, २ जून रोजी, रायट गेम्सचा ‘व्हॅलोरंट’ आला आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये वाढलेले अनेक भारतीय खेळाडू तिकडे वळले. ‘स्क्रॉसी’ या नावाने ओळखला जाणारा गणेश गंगाधर त्यांपैकीच. तो ज्या संघातून गाजला तो मुंबईचा ‘ग्लोबल इस्पोर्ट्स’ २०२३ पासून पॅसिफिक विभागाच्या आंतरराष्ट्रीय लीगमध्ये उतरला. अशा खेळाडूंची सारी पुंजी म्हणजे वर्षानुवर्षांची हाताची सवय, आणि व्हॅलोरंटचा मूळ आकडा होता ०.०७. तेव्हा जुनी सेन्सिटिव्हिटी ३.१८ ने भागणे ओघानेच आले. काउंटर-स्ट्राइकमधील १ ही व्हॅलोरंटमध्ये ०.३१४ झाली.

गिरकी जुळली, तरी नेम पूर्णपणे जुळला नाही. कारण होते दृष्टिक्षेत्र, म्हणजे पडद्यावर एका वेळी किती अंशांचा देखावा मावतो ते. चार-तीन प्रमाणाच्या जुन्या मॉनिटरवर काउंटर-स्ट्राइक ९० अंश दाखवी. सोळा-नऊच्या रुंद पडद्यावर उभे क्षेत्र तेवढेच राहून आडवे क्षेत्र १०६.२६ अंश झाले. व्हॅलोरंटने ते १०३ अंशांवर कायम केले. फरक तीन अंशांचा दिसतो. पण पडदा सपाट असल्याने हिशेब अंशांचा नसून दहावीच्या त्रिकोणमितीतील ‘टॅन’चा असतो. निम्म्या कोनांच्या टॅनचे गुणोत्तर काढले, की व्हॅलोरंटमध्ये पडद्याच्या मध्यभागातील दृश्य सुमारे ६ टक्के मोठे असल्याचे दिसते. म्हणजे गिरकी समान राखली, तर हाताच्या तेवढ्याच हालचालीने मधले चित्र थोडे अधिक सरकते. मधला नेम समान राखला, तर गिरकी लांबते. दोन्ही एकदम साधत नाही. पाठीमागच्या शत्रूकडे वळणे महत्त्वाचे की समोरच्या कपाळावर नेम धरणे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

हाच पेच एकाच खेळाच्या आतही आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये एडब्ल्यूपी या रायफलची दुर्बीण पहिल्या टप्प्यात दृष्टिक्षेत्र ९० वरून ४० अंशांवर आणते. खेळ सरळ भागाकार करून माऊसचा वेग ०.४४४ पट करतो. टॅनच्या हिशेबाने मात्र तो ०.३६४ पट हवा. या दोहोंचे गुणोत्तर ०.८१९ येते, आणि चोखंदळ खेळाडू दुर्बिणीच्या सेन्सिटिव्हिटीत हाच आकडा अनेक दशांश स्थळांपर्यंत भरतात. खेळाने दिलेली मूळ किंमत अजूनही १ आहे.