यंत्रांतून आलेला बाख

यंत्रानें निर्माण केलेलें संगीत म्हटलें, कीं रसिकाच्या कपाळास आठी पडते. आणि ती अगदींच अकारण असते असें नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून जें विद्युत्संगीत बाहेर पडलें, तें बहुधा तज्ज्ञांनीं तज्ज्ञांसाठींच रचलेलें होतें. हा दुरावा पुष्कळ अंशीं दूर करणारी तबकडी म्हणजे वेंडी कार्लोस यांची १९६८ सालची ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही पहिलीच कृति होय. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याच्या रचना तींत मोग सिंथेसायझर या यंत्रावर वाजविलेल्या आहेत.

‘वाजविलेल्या’ हा शब्द लिहितांना मात्र लेखणी अडखळते. रॉबर्ट मोग यांच्या त्या यंत्रांतून एका वेळीं एकच स्वर निघे. उलट बाखच्या संगीतांत तीन-चार स्वरपंक्ति एकमेकींचा पाठलाग करीत एकदमच चालतात. म्हणून प्रत्येक पंक्ति निराळी वाजवून फितीवर दुसरीच्या शेजारीं मुद्रित करावी लागे. त्यांत यंत्राचा सूर वरचेवर ढळे. थोडें वाजवावें, थांबून सूर जुळवावा, पुन्हां वाजवावें, असा क्रम महिनोन् महिने चालला. अशा आठ पंक्ति सामावणारें मुद्रणयंत्र कार्लोस यांनीं स्वतःच जुळविलें होतें; ब्राउन विद्यापीठांत पदार्थविज्ञान व संगीत हीं दोन्ही शिकल्याचा हा उपयोग! निर्मात्या रेचेल एल्काइंड यांचा वांटाहि लहान नव्हता. बोटाच्या दाबाप्रमाणें आवाज लहानमोठा व्हावा, हा कार्लोस यांचा आग्रह. तो मोग यांनीं मानला व तशा पट्ट्या बनवून दिल्या. वादकाचा हात यंत्रांत शिरला तो तेथें, असें आम्हांस वाटतें.

तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग काँचेर्टोच्या मधल्या भागासाठीं बाखनें दोनच स्वरसंघ लिहिले आहेत. बाकीचें वादकाच्या कल्पनेवर सोपविलें आहे. कार्लोस यांनीं तेथें यंत्राचे खास ध्वनि मोकळे सोडले. आम्हांस तो थोडा अतिरेक वाटतो, पण तेवढी मुभा मूळ रचनेंतच आहे.

१९७० सालीं या तबकडीस तीन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. १९८६ सालीं तिचा अमेरिकेंतील खप दहा लाखांवर गेल्याचें प्रमाणपत्रहि मिळालें. मधल्या काळांत मोगच्या यंत्रावरील तबकड्यांचें पीकच आलें, त्यांतील बहुतेक आज कोणास आठवत नाहींत. कार्लोस यांनीं १९६९ सालीं ‘द वेल-टेम्पर्ड सिंथेसायझर’ ही दुसरी तबकडी काढली. तींतील चौथा ब्रांडेनबुर्ग ऐकून कॅनडांतील विख्यात पियानोवादक ग्लेन गूल्ड यानें, आपण ऐकलेल्या सर्व ब्रांडेनबुर्ग वादनांत तो श्रेष्ठ, असा निर्वाळा दिला.